बीजगणिताचा पाया: समीकरणे आणि सूत्रे यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून आणि आसपासच्या गावांतून आठवी ते दहावीची मुले, त्यांचे पालक आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा गणिताकडे वळलेले वाचक जे प्रश्न पाठवत असतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, फसवे नंतर. पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे छापलेली असतात. इथे क्ष, य, म अशी अक्षरे घेतली आहेत. कृती तीच राहते.

१. राशी, समीकरण आणि सूत्र यांत नेमका फरक काय?

३क्ष + ५ ही राशी झाली. तिच्यात बरोबरचे चिन्ह नाही, म्हणून ती सोडवण्याचा प्रश्नच येत नाही. तिला सोपे रूप देता येते, किंवा क्ष च्या जागी संख्या ठेवून तिची किंमत काढता येते.

३क्ष + ५ = २० हे समीकरण. हे एक विधान आहे: क्ष ५ असेल तर खरे, दुसरे काहीही असेल तर खोटे. विधान खरे ठरवणारी किंमत शोधणे म्हणजे समीकरण सोडवणे.

सूत्र म्हणजे बदलणाऱ्या गोष्टींमधले नाते. क्षेत्रफळ = लांबी × रुंदी हे प्रत्येक आयताला लागू पडते.

‘सरळ रूप द्या’ असे विचारलेले असताना बरीच मुले शेवटी स्वतःहून ‘= ०’ लिहितात आणि क्ष ची किंमत काढून मोकळी होतात. प्रश्नात बरोबरचे चिन्ह नसेल तर उत्तर राशीच असणार.

२. २क्ष + ३ म्हणजे ५क्ष का होत नाही?

क्ष = १० ठेवून पाहा. २क्ष + ३ ची किंमत २३ येते, ५क्ष ची ५०. सजातीय पदांचीच बेरीज एका पदात होते. चल आणि त्याचा घातांक दोन्ही सारखे हवेत. म्हणून २क्ष + ३क्ष = ५क्ष, पण क्ष आणि क्ष² एकत्र येत नाहीत. पदाच्या आधीचे चिन्ह त्या पदाचेच असते: ५क्ष² − ३क्ष + ७ मध्ये क्ष चा सहगुणक, म्हणजे त्याला गुणणारी संख्या, −३ आहे. नुसत्या क्ष चा सहगुणक १ असतो, शून्य नव्हे.

३. अज्ञात संख्येला क्ष च का म्हणायचे?

तसा नियम नाही, कोणतेही अक्षर चालते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत बीजगणित हा एक स्वतंत्र भाग आहे. त्यात पहिली अज्ञात राशी यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. लिहिताना या, का, नी, पी एवढेच लिहायचे. ज्ञात संख्येआधी रूप शब्दाचा ‘रू’ यायचा आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. बरोबरचे = हे चिन्ह त्या काळी नव्हते, ते १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने छापले.

शाब्दिक उदाहरणात वस्तूच्या नावाचे पहिले अक्षर घ्यायला हरकत नाही, पण ते अक्षर संख्येसाठी आहे हे शब्दांत लिहून ठेवावे. ‘ट = टोमॅटो’ हे अपुरे आहे. ‘ट = १ किलो टोमॅटोची रुपयांतली किंमत’ असे लिहिले की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

४. पद पलीकडे नेले की चिन्ह का बदलते?

खरे पाहता पद कुठेच जात नाही. क्ष + ७ = १२ मध्ये दोन्ही बाजूंतून ७ वजा केले की डावीकडे ७ − ७ = ० होते आणि उजवीकडे १२ − ७ उरते. मधली पायरी लिहायची सोडली म्हणून ७ उडी मारून पलीकडे गेल्यासारखा दिसतो. या लघुरूपाला पक्षांतर म्हणतात.

हे कळले नसेल तर पुढची चूक ठरलेली: ३क्ष = १२ वरून मुले क्ष = १२ − ३ लिहितात. ३ इथे गुणलेला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचे; क्ष = ४. आणि −३क्ष = १२ असेल तर −३ ने भागायचे. गुणक पलीकडे जाताना त्याचे चिन्ह बदलत नाही, क्ष = −४. आठवीपर्यंत मधली पायरी प्रत्येक वेळी लिहावी, असा आमचा आग्रह आहे. त्यात वाया गेलेली शाई चुकलेल्या उत्तरापेक्षा स्वस्त पडते.

५. कंस सोडवला की उत्तर चुकते. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा कंसाआधीच्या वजाबाकीत. ७ − २(क्ष − ३) घ्या. −२ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचे: ७ − २क्ष + ६, म्हणजे १३ − २क्ष. एक चूक म्हणजे आधी ७ − २ करून ५(क्ष − ३) लिहिणे. दुसरी म्हणजे ७ − २क्ष − ६. क्ष = ३ ठेवून तपासा: मूळ राशी ७ येते, बरोबर रूपही ७ देते; चुकीची दोन्ही रूपे ० आणि −५ देतात.

अपूर्णांकाची आडवी रेघ हाही एक कंसच असतो, आणि इथे जास्त मुले घसरतात. समीकरण असे आहे:

(क्ष + १)/२ − (क्ष − ३)/४ = २

सगळ्या पदांना ४ ने गुणा: २(क्ष + १) − (क्ष − ३) = ८. कंस सोडवून २क्ष + २ − क्ष + ३ = ८, म्हणून क्ष = ३. ताळा: ४/२ − ०/४ = २. बरोबर. रेघ उडाल्यावर कंस घातला नाही तर − क्ष − ३ लिहिले जाते आणि क्ष = ९ येते. उजवीकडच्या २ ला ४ ने गुणायचे विसरणे ही याच उदाहरणातली दुसरी चूक.

६. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² का नाही?

(३ + ४)² = ४९, तर ३² + ४² = २५. मधले २४ म्हणजे २ × ३ × ४. चौकटीच्या वहीत ७ × ७ चा चौरस काढा. त्यात एका कोपऱ्यात ३ × ३ आणि समोरच्या कोपऱ्यात ४ × ४ चा चौरस रंगवा. ३ × ४ चे दोन आयत कोरे राहतात, तेच २अब. एकदा स्वतः रंगवलेले हे चित्र मुले विसरत नाहीत. (अ − ब)² = अ² − २अब + ब²; शेवटचे पद इथेही अधिकच असते.

याच जातीचा एक सापळा: −३² = −९, पण (−३)² = ९. राशीत ऋण संख्या घालताना ती कंसातच घालावी.

७. समीकरणांचे प्रकार कोणते आणि ते ओळखायचे कसे?

चल किती आणि चलाचा सर्वांत मोठा घातांक किती, या दोन गोष्टी पाहायच्या. घातांक १ असेल तर रेषीय समीकरण. दोन चलांचे असेल तर त्याचा आलेख सरळ रेषा असतो. घातांक २ असेल तर वर्गसमीकरण, ३ असेल तर घनसमीकरण. तीच चले असलेली दोन समीकरणे एकाच वेळी खरी ठरवायची असतील तर ती एकसामयिक. चल छेदात किंवा वर्गमुळात असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते (प्र. १५ पाहा).

प्रकार ठरवायचा तो सरळ रूप दिल्यावरच. (क्ष + २)² = क्ष² + १० हे वर्गसमीकरण दिसते, पण दोन्हीकडचे क्ष² जाऊन ४क्ष + ४ = १० उरते, म्हणजे ते रेषीय आहे, क्ष = १.५. उलट क्ष + १/क्ष = ५/२ मध्ये वर्ग कुठे दिसत नाही. २क्ष ने गुणले की २क्ष² − ५क्ष + २ = ० होते आणि क्ष = २ किंवा १/२ मिळते.

८. शाब्दिक उदाहरणाचे समीकरण कसे मांडायचे? गणित येते, मांडणी येत नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. इथे अडचण गणिताची कमी, मराठी वाक्य बारकाईने वाचण्याची जास्त आहे. म्हणून शब्दाला चिकटलेल्या प्रत्ययाकडे पाहा.

‘पेक्षा’, ‘हून’, ‘मधून’ ज्याला लागते ते आधी लिहायचे. ‘ने’ ज्याला लागते तेवढे मिळवायचे किंवा वजा करायचे. ‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी’: ‘पेक्षा’ तिपटीला लागले आहे, म्हणून ३क्ष − ५. वाक्यात ५ आणि कमी शेजारी दिसतात म्हणून ५ − ३क्ष लिहिले की संपले. ‘२० मधून संख्येची दुप्पट वजा केली’ म्हणजे मात्र २० − २क्ष.

क्रियेचा क्रम क्रियापदावरून कळतो. ‘दुपटीत ३ मिळवले’ म्हणजे २क्ष + ३. ‘३ मिळवून दुप्पट केली’ म्हणजे २(क्ष + ३). ‘मिळवून’, ‘वजा करून’ असे ऊन-प्रत्ययाचे रूप दिसले की ती क्रिया आधी झाली, तिथे कंस.

आपल्या भाषेतले पट पाठ हवेत: पावपट क्ष/४, निमपट क्ष/२, पाऊणपट ३क्ष/४, सव्वापट ५क्ष/४, दीडपट ३क्ष/२, अडीचपट ५क्ष/२. शेकडेवारीत जपून: १००% वाढ म्हणजे दुप्पट, २००% वाढ म्हणजे तिप्पट.

आता नेहमीची अडखळण. ‘वर्गात मुलगे मुलींच्या दुप्पट आहेत.’ मुलगे ग, मुली ल धरल्या तर बरेच जण २ग = ल लिहितात, कारण वाक्यात मुलगे आधी आले. संख्या घालून पाहा: मुली १५, तर मुलगे ३०. २ × ३० = १५ होत नाही. बरोबर मांडणी ग = २ल. समीकरण लिहून झाल्यावर असे साधे आकडे मनातल्या मनात घालून पाहायला दहा सेकंद लागतात.

शेवटची दोन नेहमीची रूपे. लगतच्या सम संख्या क्ष आणि क्ष + २; लगतच्या विषम संख्याही क्ष आणि क्ष + २ च (विषम म्हणून क्ष + १ किंवा क्ष + ३ लिहू नये). दोन अंकी संख्येत दशकस्थानी द आणि एककस्थानी ए असेल तर संख्या १०द + ए, ‘दए’ नव्हे. दए म्हणजे द × ए.

९. सूत्र स्वतः कसे तयार करायचे? रोजच्या व्यवहारातले उदाहरण द्या.

रिक्षाचे भाडे घेऊ. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर असा: पहिल्या १.५ किलोमीटरला २५ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये.

आधी दोन-तीन आकड्यांनी हिशोब करा आणि आपण काय करतो ते न्याहाळा. ६ किलोमीटर गेलो: ६ − १.५ = ४.५ किलोमीटर जास्तीचे, त्याचे १७ × ४.५ = ७६.५०, अधिक २५, एकूण १०१.५० रुपये. आता ६ च्या जागी अक्षर ठेवा. अंतर अं किलोमीटर, भाडे भ रुपये:

भ = २५ + १७(अं − १.५)

कंस सोडवला तर भ = १७अं − ०.५. हे रूप छोटे आहे, पण त्यात अं = ० ठेवला तर भाडे उणे पन्नास पैसे येते! सूत्र चुकलेले नाही; ते अं १.५ किंवा जास्त असतानाच लागू आहे, आणि ती अट लिहायची राहिली. १.५ किलोमीटरपर्यंत भ = २५. म्हणजे या भाड्याचे सूत्र दोन तुकड्यांत आहे. अट हा सूत्राचाच भाग समजावा.

भ = २५ + १७अं ही नेहमीची चूक. त्यात पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा लागतात आणि ६ किलोमीटरचे १२७ रुपये होतात.

सूत्र उलटही वापरता येते. ११० रुपयांत किती लांब जाता येईल? २५ + १७(अं − १.५) = ११०, म्हणून अं − १.५ = ५, अं = ६.५ किलोमीटर. (मीटर टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित पुढेमागे होईल.)

१०. सूत्रातून हवे ते अक्षर वेगळे कसे काढायचे?

त्या अक्षरावर काय काय आणि कोणत्या क्रमाने केले ते लिहा, मग शेवटच्या क्रियेपासून उलटे या. मोजे घालून बूट घातले असतील तर काढताना आधी बूट. फॅ = (९/५)से + ३२ मध्ये से ला ९/५ ने गुणले, मग ३२ मिळवले. उलटे येताना आधी ३२ वजा, मग ५/९ ने गुणाकार: से = (५/९)(फॅ − ३२). १०४ फॅरनहाइटला ७२ × ५/९ = ४० सेल्सिअस.

१८% जीएसटी धरून बिल ब रुपये, मूळ किंमत म: ब = १.१८म, म्हणून म = ब/१.१८. ११८० च्या बिलात मूळ किंमत १०००. बिलातूनच १८% वजा केले तर ९६७.६० येतात, कारण ते १८% मोठ्या रकमेवर मोजले जातात.

११. जाता-येताचा सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची सरासरी ना?

नाही. सरासरी वेग = एकूण अंतर ÷ एकूण वेळ. पुणे–मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटर. समजा जायला ३ तास (ताशी ६४) आणि यायला ४ तास (ताशी ४८) लागले, तर ३८४ ÷ ७ म्हणजे ताशी सुमारे ५४.८६ किलोमीटर, ५६ नव्हे. दोन वेग अ आणि ब, आणि अंतर सारखे असेल तर सूत्र २अब/(अ + ब).

१२. एकसामयिक समीकरणे सोडवायला कोणती पद्धत घ्यावी?

सहगुणक पाहून ठरवा. मंडईतून एकाने २ किलो टोमॅटो आणि ३ किलो कांदे १६५ रुपयांना घेतले, दुसऱ्याने त्याच भावाने ३ किलो टोमॅटो आणि २ किलो कांदे १६० रुपयांना.

२ट + ३क = १६५
३ट + २क = १६०

सहगुणकांची अदलाबदल झाली आहे, म्हणून एका चलाचा लोप करायची (सहगुणक सारखे करून ते चल घालवायची) घाई नको. बेरीज: ५ट + ५क = ३२५, ट + क = ६५. वजाबाकी (दुसऱ्यातून पहिले): ट − क = −५. म्हणून ट = ३०, क = ३५.

एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल तर ते चल दुसऱ्याच्या रूपात लिहून भरावे. आकडे वेडेवाकडे असतील तर निश्चयकांची क्रेमरची पद्धत सोयीची. आलेखाने उत्तर पूर्णांकात नसेल तर अंदाजेच वाचता येते. वजाबाकी करताना खालच्या समीकरणातल्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलायचे, उजव्या बाजूचेही. ते शेवटचे चिन्ह हमखास राहून जाते.

१३. वर्गसमीकरणाचे सूत्र कुठून आले? नुसते पाठ करायचे का?

ते दोन ओळींत तयार होते. श्रीधराचार्यांची रीत अशी: अक्ष² + बक्ष + क = ० मध्ये दोन्ही बाजूंना ४अ ने गुणायचे आणि ब² मिळवायचा. डावी बाजू पूर्ण वर्ग होते आणि अपूर्णांक मध्ये येतच नाहीत. २क्ष² + ५क्ष − ३ = ० वर करू. ८ ने गुणून १६क्ष² + ४०क्ष = २४; २५ मिळवून (४क्ष + ५)² = ४९; म्हणून ४क्ष + ५ = ७ किंवा −७; क्ष = १/२ किंवा −३. हेच अक्षरांवर केले की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळते. उजवीकडचा विवेचक धन असेल तर दोन वेगळी वास्तव मुळे, शून्य असेल तर समान मुळे, ऋण असेल तर वास्तव मूळ नाही.

अवयव चटकन पडत असतील तर सूत्राच्या वाटेला जाऊ नये. सूत्रात २अ ने संपूर्ण अंशाला भागायचे असते. फक्त वर्गमुळाला भागून −ब तसाच ठेवणे ही तिथली नेहमीची चूक.

१४. दोन उत्तरांतले ऋण उत्तर सोडून द्यायचे ना?

सरसकट नाही. उदाहरण नुसत्या संख्येबद्दल असेल तर ऋण उत्तरही उत्तरच. चल लांबी, वय, नग असे काही असेल तरच ते वगळायचे, आणि का वगळले ते लिहायचे. वाड्याचा ६ मी × ८ मी चौक आहे. त्याच्याभोवती बाहेरून सारख्या रुंदीची फरशी घातल्यावर एकूण क्षेत्रफळ ८० चौ. मी. झाले. रुंदी क्ष असेल तर (६ + २क्ष)(८ + २क्ष) = ८०. पट्टी दोन्ही बाजूंना आहे म्हणून २क्ष. ६ + क्ष लिहिले तर फरशी एकाच बाजूला पडते. सरळ रूप क्ष² + ७क्ष − ८ = ०, मुळे १ आणि −८. रुंदी ऋण नसते, म्हणून १ मीटर. ताळा: ८ × १० = ८०.

१५. सगळ्या पायऱ्या बरोबर असूनही ताळा जुळत नाही, असे कसे?

काही पायऱ्या एकाच दिशेने चालतात. वर्ग करणे ही त्यातली एक. √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, मुळे ३ आणि −२. मूळ समीकरणात −२ ठेवा: डावीकडे √४ = २, उजवीकडे −२. हे उत्तर वर्ग करताना आत शिरले, कारण २ आणि −२ यांचा वर्ग एकच.

दुसरी पायरी म्हणजे चल असलेल्या छेदाने गुणणे. क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) वरून क्ष = २ मिळते, पण तिथे छेदच शून्य होतो. उकल नाही. चल मुळात किंवा छेदात असेल तर मूळ समीकरणात ताळा घेतल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

१६. क्ष² = ५क्ष मध्ये क्ष ने भागले तर काय बिघडते?

क्ष = ० हे उत्तर हरवते. भागताना क्ष शून्य नाही असे आपण न सांगता धरून चालतो. सगळे एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० लिहा; क्ष = ० किंवा ५. प्र. १५ मध्ये नको ती उकल आत आली, इथे हवी ती बाहेर गेली.

१७. सोडवता सोडवता क्ष च नाहीसा झाला. आता उत्तर काय लिहू?

जे विधान उरले ते वाचा. २(क्ष + ३) = २क्ष + ६ मधून ६ = ६ उरते, ते नेहमीच खरे; क्ष ची प्रत्येक किंमत उकल आहे आणि ही नित्यसमानता आहे. २क्ष + ३ = २क्ष + ७ मधून ३ = ७ उरते; उकल नाही. दोन्ही ठिकाणी ‘क्ष = ०’ लिहिणे चूक.

प्र. १२ च्या पहिल्या ग्राहकाचे बिल दुप्पट केले, ४ट + ६क = ३३०, तर नवी माहिती काहीच मिळत नाही, भाव असंख्य जोड्यांत बसतात. तेच बिल ३४० असेल तर दोन्ही बिले एका भावाने झालेली नाहीत.

१८. ‘मुळे समान असतील तर म काढा’ यात दोन उत्तरे आली. दोन्ही लिहायची का?

आधी क्ष² चा सहगुणक तपासा. मक्ष² + मक्ष + २ = ० ची मुळे समान हवीत, म्हणून म² − ८म = ०, म = ० किंवा ८. पण म = ० ठेवला तर २ = ० उरते, वर्गसमीकरणच राहत नाही. विवेचकाची अट अ शून्य नसतानाच वापरता येते. म्हणून म = ८ एवढेच. तपासून पाहा: ८क्ष² + ८क्ष + २ = २(२क्ष + १)², दोन्ही मुळे −१/२.